'ग्रॅज्युएशन'मधला बाप नक्की कुठे चुकला?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही क्रिस्तियान मुंजिऊचा 'ग्रॅज्युएशन' हा रोमानियन सिनेमा बघितला, दोन तास जीव गुदमरला, शेवटी कुणाला शिक्षा झाली नाही, दगड कुणी मारला ते कळलं नाही, मुलीवर हल्ला करणारा सापडला नाही, आणि तुम्ही विचारताय की बाप चूक का बरोबर हे तरी दिग्दर्शकाने सांगायला नको का, असले निराश सिनेमे बघून माणसाला मिळतं काय. आणि शेवटी एक ओळ आहे की सोसायटीतल्या बारावीच्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना एकत्र दाखवायचा विचार आहे, दाखवू का नको. मला वाटतं तुमचा खरा प्रश्न ही शेवटची ओळच आहे.

मी जिल्ह्याच्या गावात बावीस वर्षं फिल्म क्लब चालवतोय. महिन्याला एक सिनेमा आणि नंतर तासभर चर्चा. हा सिनेमा मी आत्तापर्यंत तीन वेळा दाखवलाय आणि तिन्ही वेळा लोक वेगवेगळ्या ठिकाणी भडकले, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ज्यांनी बघितला नाहीये त्यांच्यासाठी सूचना, पुढे सगळी गोष्ट उघड होणार आहे. हा सिनेमा गोष्ट माहीत असूनही तेवढाच लागतो असा माझा अनुभव आहे, पण ज्याचं त्याने ठरवावं.

गोष्ट पटकन सांगतो. रोमेओ आल्देआ हा रोमानियातल्या ट्रान्सिल्व्हेनिया भागातल्या एका लहान डोंगरी गावातला पन्नाशीला टेकलेला सर्जन. नाव चांगलं आहे, पेशंटकडून पाकीट घेत नाही अशी ख्याती. मुलगी एलिझा हुशार, तिला इंग्लंडमधली स्कॉलरशिप मिळालीये, फक्त बाकालोरेआत म्हणजे तिकडची बारावीची बोर्ड परीक्षा उत्तम मार्कांनी पास व्हायचंय. परीक्षेच्या आदल्या दिवशी शाळेजवळ तिच्यावर भरदिवसा हल्ला होतो. हात प्लास्टरमध्ये, डोकं ठिकाणावर नाही. पहिला पेपर हवा तसा जात नाही. आणि बाप ठरवतो की ह्या एका वेळेला, फक्त ह्या एकाच वेळेला, आपण काहीतरी 'बघायचं'.

आता तुम्ही विचारलंत बाप कुठे चुकला. चर्चेच्या वेळी मी एक काम नेहमी करतो, पांढरा बोर्ड घेतो आणि लोकांनाच विचारतो की कुणी कुणाला काय सांगितलं ते क्रमाने सांगा. तुम्हीही एकदा कागद घेऊन करून बघा. रोमेओ त्याच्या ओळखीच्या पोलीस अधिकाऱ्याकडे बसलाय, मुलीच्या केसबद्दल बोलणं चाललंय. बोलता बोलता परीक्षेचा विषय निघतो. तो अधिकारी म्हणतो, उपमहापौर बुलाई माझ्या ओळखीचे आहेत, त्यांच्या शब्दाला परीक्षा मंडळात वजन आहे. बुलाईंना लिव्हर ट्रान्सप्लांट हवंय, वेटिंग लिस्ट लांब आहे, रोमेओच्या हॉस्पिटलात काही सरकवता आलं तर बघा. परीक्षेचा चेअरमन बुलाईंच्या उपकाराखाली. चेअरमन पैसे मागत नाही, फक्त एवढंच की पेपरवर नाव झाकलेलं असतं, आपल्याकडे बोर्डाच्या पेपरला स्टिकर लावून नंबर झाकतात तसंच, तेव्हा तुमची मुलगी कुठली ते कळायला तिने ठरलेल्या जागी काही शब्द खोडायचे. झालं. चार माणसं, चार खुर्च्या, आणि बोर्डावर एक गोल तयार होतो ज्यात एक पैसासुद्धा फिरलेला नाहीये.

इथे हॉलमध्ये नेहमी शांतता होते. कारण बोर्डाकडे बघून एकही माणूस बदमाष वाटत नाही. पोलीसवाला मित्राच्या मुलीसाठी झटतोय. बुलाई म्हातारा, आजारी, अगदी सज्जनपणे बोलणारा, मदत करायला उत्सुक. चेअरमनला वाटतंय की पोरगी हुशारच आहे, अपघाताने मागे पडली, तिला तिचं हक्काचंच देतोय. डॉक्टर तर बाप आहे. प्रत्येकाचं कारण ऐकलं तर पटतं, आणि ह्या पटण्यातच सगळी गोम आहे. ज्याचं लिव्हर ह्या गोलात कुठेच नाही, जो त्या लिस्टवर बुलाईंच्या वर होता, तो माणूस सिनेमात दिसतच नाही. ज्या मुलीची स्कॉलरशिप हुकली असती ती दिसत नाही. मुंजिऊ त्यांना मुद्दाम दाखवत नाही असं माझं मत आहे, कारण रोमेओलाही ते दिसत नाहीत. एकदा आमच्याकडे एक निवृत्त हेडमास्तर आले होते, अनेक वर्षं परीक्षा केंद्र सांभाळलेले, ते एवढंच म्हणाले की ज्याचं नुकसान होतं तो माणूस आपल्या ओळखीचा नसतो, म्हणूनच तर हे जमतं. हे वाक्य मी नंतरच्या दोन्ही चर्चांमध्ये त्यांचा उल्लेख करून सांगितलंय.

एक प्रसंग नीट बघा, पहिल्यांदा बघताना हातातून सुटतो. हॉस्पिटलात बुलाई रोमेओला पाकीट द्यायला बघतो आणि रोमेओ ते नाकारतो. मनापासून नाकारतो, तो खरंच पैसे घेणारा डॉक्टर नाहीये. पाकीट परत गेलं की त्याला, आणि बघणाऱ्या आपल्यालाही, हलकं वाटतं. पण काम तर ठरलेलंच आहे. म्हणजे पाकीट नाकारल्यामुळे उलट त्याला पुढचं पाऊल टाकायला धीर येतो, मी काही पैसे खात नाही ना. माझ्या मते तो चुकतो तो इथे. फोन लावला तेव्हा घसरला असेल, पण स्वतःला प्रामाणिक समजायचं लायसन्स त्याने ह्या पाकिटावर रिन्यू करून घेतलं. तुमचं मत वेगळं असू शकतं. माझ्या बायकोला वाटतं तो त्याच्या कितीतरी आधी चुकलाय, सकाळी मुलीला शाळेच्या दारात न सोडता अलीकडेच उतरवून सांद्राकडे, म्हणजे त्याच्या प्रेयसीकडे गेला तेव्हाच. एलिझा म्हणाली होती इथेच सोडा, हे खरं, पण त्यालाही घाई होतीच. ह्यावर आमचं अजून एकमत नाही.

आता हे 'तिकडचं' किती आणि 'सगळीकडचं' किती. आपल्याकडे चर्चेत पाचव्या मिनिटाला कुणीतरी म्हणतं, अहो हे तर अगदी आपलंच आहे. मान्य, पण मी जरा थांबवतो, कारण इतक्या लवकर आपलं म्हटलं की रोमानिया बघायचा राहूनच जातो. तिथे एक जुना विनोद आहे. कम्युनिस्ट पक्षाचं नाव पार्तिदुल कोमुनिस्त रोमन, आद्याक्षरं पी सी आर. लोक त्याचा अर्थ लावायचे 'पिले, कुनोश्तिंत्से, रेलात्सी'. शेवटच्या दोन शब्दांचा अर्थ ओळखी आणि संबंध. आणि पिला म्हणजे खरं तर कानस, लोखंड घासायची, पण बोलीत तिचा अर्थ आपला वशिला. कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूच्या शेवटच्या दहा वर्षांत देशाचं परदेशी कर्ज फेडायचं म्हणून धान्य, मांस, वीज सगळ्याची टंचाई होती, मांसासाठी पहाटे रांगा, आणि डॉक्टरकडे जाताना केंट सिगरेटचं पाकीट न्यायचं, ते न ओढता पुढे दुसऱ्याला द्यायचं, नाण्यासारखं चालायचं ते. अशा काळात कुणाला तरी ओळखणं हे पाप नव्हतं, मूल जगवायचं कौशल्य होतं. १९८९ च्या डिसेंबरात चाउशेस्कू गेला, टंचाई हळूहळू गेली, दुकानं भरली, २००७ ला देश युरोपियन युनियनमध्ये गेला, पण ते कौशल्य बोटांत तसंच राहिलं. आईबापांकडून मुलांकडे येतं तसं आलं.

हे माहीत असलं की रोमेओ वेगळा दिसतो. तो आणि त्याची बायको माग्दा १९९१ मध्ये परदेशातून परत आलेत. हा तपशील सिनेमात बोलण्याच्या ओघात येतो आणि जातो, पण मला विचाराल तर सगळी इमारत ह्यावर उभी आहे. क्रांती झाली, आता देश बदलणार, आपण बदलणार, असं वाटून जे तरुण परत आले ती ही पिढी. मुंजिऊ स्वतः १९६८ चा, म्हणजे साधारण त्याच वयाचा, सिनेमाआधी शिकवायचा, पत्रकारिता करायचा. रोमेओ मुलीला सांगतो की आम्ही परत येऊन चूक केली, वाटलं होतं डोंगर हलवू, काही हललं नाही. आणि म्हणून तू इथून जा. त्याच्यासाठी स्कॉलरशिप म्हणजे मुलीचं शिक्षण कमी आणि स्वतःची ती चूक दुरुस्त करणं जास्त. रोमानियाची लोकसंख्या १९९० मध्ये दोन कोटी तीस लाखांच्या आसपास होती, २०२१ च्या जनगणनेत एक कोटी नव्वद लाखांच्या घरात आली, आणि त्यात मोठा वाटा बाहेर गेलेल्यांचा आहे. डॉक्टर तर इतके गेले की ज्या हॉस्पिटलात रोमेओ काम करतो तसल्या ठिकाणी मागे कोण राहिलं हाच प्रश्न. तेव्हा 'तू इथून जा' हे वाक्य तिथल्या प्रेक्षकाने घरात ऐकलेलं आहे, एकदा नाही अनेकदा.

आणि पेच बघा. मुलीला प्रामाणिक देशात पाठवायचं, आणि त्यासाठी पहिलं पाऊल तिलाच अप्रामाणिक करायचं. आतापर्यंत आईबापांनी तिला बाकीच्यांपेक्षा वेगळं वाढवलं, खोटं बोलायचं नाही, कॉपी करायची नाही. ते शब्द कुठे खोडायचे हे तिला सांगावंच लागणार, तिच्या नकळत हे करताच येत नाही. ही रचना फार विचार करून केलेली आहे. चोरून मार्क वाढवले असते तर हा साधा भ्रष्टाचाराचा सिनेमा झाला असता. इथे बापाला मुलीच्या समोर बसून, तिच्या डोळ्यांत बघून बोलावं लागतं.

ह्या जागेपाशी मला माझं एक सांगायलाच हवं, नाहीतर मी वरून बोलतोय असं होईल. बहिणीचा मुलगा बारावी झाला तेव्हा एका कॉलेजात त्याची अॅडमिशन अडली होती, अगदी थोडक्यात. मी तिथल्या एका ओळखीच्या माणसाला फोन केला. पैसे नाहीत, काही नाही, दोन मिनिटं बोललो, जुन्या आठवणी निघाल्या आणि काम झालं. भाचा समोरच पलंगावर बसला होता, बॅगेची चेन उघडत मिटत. मी फोन ठेवला, बहिणीने गूळ शेंगदाणे आणले. तीन वर्षांनी त्याला नोकरीसाठी अर्ज करायचा होता, मला फोन आला, आणि त्याचा पहिला प्रश्न होता, मामा, तिथे आपल्या ओळखीचं कुणी आहे का. जाहिरात नीट वाचलेली नव्हती, शेवटची तारीख माहीत नव्हती, पण हे आधी विचारलं. मी त्याला काही बोलू शकलो नाही. तो फोन लावायला मीच शिकवला होता. 'ग्रॅज्युएशन' त्यानंतर वर्षभराने बघितला आणि रोमेओ एलिझाला समजावून सांगतो त्या प्रसंगात मला पडद्याकडे बघवेना.

तर दिग्दर्शक निकाल का देत नाही, ह्यावर. तुम्हाला जे गुदमरल्यासारखं झालं ते कारागिरीने घडवलेलं आहे. एकेक प्रसंग बहुतेक एकाच लांब शॉटमध्ये आहे, मध्ये कट नाही, त्यामुळे दोन माणसं टेबलाशी बसून आडून आडून काहीतरी मागतायत तेव्हा आपल्याला उठून जाता येत नाही. कॅमेरा रोमेओला सोडत नाही, तो नाही असा प्रसंग जवळजवळ नाहीच. पार्श्वसंगीत नाही, त्याच्या गाडीत क्लासिकल संगीत वाजतं तेवढंच. आणि सारखा तो फोन घरघरतोय. आपण पोलीस नसतो, न्यायाधीश नसतो, फक्त त्याच्या खांद्यामागे उभे असतो, त्याला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला. म्हणून हल्लेखोर सापडत नाही. रोमेओ एका रात्री बसमधून उतरलेल्या माणसाच्या मागे, हाच तो समजून, अंधाऱ्या वस्तीत चालत जातो, आणि आपल्यालाही खात्री नसते. रोमेओ झालेल्या आद्रियान तितिएनीने हे काम इतकं कमी करून केलंय की दुसऱ्यांदा बघताना त्याचा श्वास ऐकू येतो. पोलीस अधिकारी झालेला व्लाद इवानोव हाच मुंजिऊच्या '४ मंथ्स, ३ वीक्स अँड २ डेज' मध्ये, ज्याला २००७ ला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, चोरून गर्भपात करणारा तो भयंकर माणूस होता. त्या सिनेमातला १९८७ च्या काळातला अंधार आणि हा मदतीला धावून येणारा मित्र, एकाच चेहऱ्यात. हे मुद्दाम केलंय का मला सांगता येणार नाही, पण ज्याने दोन्ही बघितलेत त्याला ते जाणवल्याशिवाय राहत नाही. 'ग्रॅज्युएशन'साठी मुंजिऊला २०१६ ला कानमध्ये दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं, फ्रेंच दिग्दर्शक ऑलिव्हिए आसायाससोबत विभागून.

दगडाचं म्हणाल तर मला त्याचं उत्तर सिनेमातच सापडलं, पण गुन्हेगाराच्या नावाच्या रूपात नाही. सुरुवातीला घराच्या काचेवर दगड येतो, पुढे गाडीची काच फुटते. आणि बऱ्याच नंतर सांद्राचा लहान मुलगा मातेई खेळाच्या मैदानात दुसऱ्या मुलाला दगड मारतो, कारण तो रांग मोडून मध्ये घुसला. रोमेओ त्याला समजावायला जातो की असं मारायचं नाही. पण नियम मोडणाऱ्याचं मग करायचं काय, ह्यावर त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, आणि त्या दिवसांत तर नाहीच नाही. रांग मोडून मध्ये कोण घुसलंय हे आपल्याला माहीत आहे. बुलाई घुसलाय, एलिझाला घुसवलंय. दगड कुणी मारला हा प्रश्न मला त्या मैदानानंतर पडेनासा झाला.

एलिझाचा शेवटही 'काहीच सांगत नाही' असा नाहीये. ती बापाला सांगते की तिने ती खूण केलीच नाही. बापाचा जीव भांड्यात पडायला हवा, पण लगेच पुढे ती सांगते की तिने रडून थोडा वेळ जास्त मागितला आणि त्यांनी तो दिला. आता हे काय म्हणायचं? हात प्लास्टरमध्ये असलेल्या मुलीला दहा मिनिटं जास्त देणं हा न्याय झाला का सवलत, का ती रडणं वापरायला शिकली? आमच्याकडे ह्या एका वाक्यावर अर्धा तास भांडण झालंय. एक बाई, स्वतः शिक्षिका, म्हणाल्या ही मुलगी जिंकली, तिने स्वतःचं स्वतः मागितलं, कुणाला गोलात ओढलं नाही. मागून एक मुलगा, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा, म्हणाला की मॅडम, तिने बापाचंच केलं पण स्वस्तात केलं. मी दोघांनाही चूक म्हणू शकलो नाही. मग शेवटी शाळेच्या समारंभाचा फोटो, बाप कॅमेरा धरून मुलांना हसायला सांगतो, ती हसतात, सिनेमा संपतो.

तिथे सगळेच असे आहेत असं मात्र घेऊ नका. सिनेमातच दोन तरुण तपास अधिकारी हॉस्पिटलात येतात, शांतपणे, आवाज न चढवता प्रश्न विचारतात, कारण बुलाईचा फोन टॅप होत होता. रोमानियात भ्रष्टाचारविरोधी स्वतंत्र सरकारी वकिलांची यंत्रणा आहे आणि त्या वर्षांत तिने मंत्री, महापौर, खासदार ह्यांच्यावर खटले भरले होते. बाकालोरेआतचंच बघा, कॉपी इतकी बोकाळली होती की २०११ ला परीक्षा हॉलमध्ये कॅमेरे लावले, आणि त्या वर्षी निम्म्याहून कमी मुलं पास झाली. सिनेमा आल्यावर वर्ष व्हायच्या आत, ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री, तिथल्या सरकारने एक अध्यादेश काढला की पदाचा गैरवापर करून झालेलं नुकसान दोन लाख लेईपेक्षा (लेई म्हणजे तिथलं चलन) कमी असेल तर तो फौजदारी गुन्हा नाही. लोक कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर आले, 'रात्रीत, चोरांसारखे' अशा घोषणा देत, ५ फेब्रुवारीला देशभरात मिळून पाच लाखांच्या आसपास, १९८९ नंतरची सगळ्यात मोठी निदर्शनं. सरकारला अध्यादेश मागे घ्यावा लागला. त्या गर्दीत किती रोमेओ असतील, ज्यांनी स्वतः कधीतरी एक फोन केला असेल, ह्याचा मी नेहमी विचार करतो. असतीलच. आणि तरी ते आले होते, हेही खरं.

निराश सिनेमातून मिळतं काय, ह्यासाठी एक तुलना देतो. रशियन 'दुराक' बघा, २०१४ चा, युरी बिकोवचा. एक प्लंबर, नऊ मजली वसतिगृहाला खालून वरपर्यंत तडा गेलेला बघतो, आत आठशे माणसं, आणि रात्रीच्या रात्री महापौरबाईंच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या पार्टीत जाऊन सांगतो की बिल्डिंग पडणार. तो सिनेमा जास्त भयंकर आहे, शेवट अंगावर येतो, पण बघून झाल्यावर माणूस एका अर्थी सुटतो, कारण खाणारे समोर दिसतात, त्यांच्या टेबलावर बाटल्या आहेत, आपण तो प्लंबर असतो. 'ग्रॅज्युएशन' बघताना असं सुटता येत नाही. म्हणून मला 'ग्रॅज्युएशन' जास्त कामाचा वाटतो, आणि म्हणूनच तुम्हाला त्रास झाला. त्रास झाला म्हणजे तुम्ही तो नीट बघितलात.

आता दाखवायचा का. हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे, सरसकट हो म्हणत नाही. पहिलं म्हणजे हल्ला. तो पडद्यावर घडताना दिसत नाही, पण तो लैंगिक हल्ला आहे, तपासणी आहे, पोलिसांसमोर ओळख परेड आहे. तुमच्या गटात कुणा मुलीला असा अनुभव असेल तर अचानक अंगावर यायला नको, तेव्हा आधी सगळ्यांना स्पष्ट सांगा की विषय काय आहे, यायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या, आणि मध्ये कुणी उठून गेलं तर का गेलीस असं विचारू नका. दुसरं म्हणजे वेळ. डिसेंबरनंतर बारावीच्या मुलांना अजिबात दाखवू नका. एकदा मी जानेवारीत दाखवला होता, ती माझी चूक होती, मुलांच्या पोटात आधीच गोळा होता आणि आईबाप चर्चेत फक्त मार्कांवर बोलले. परीक्षा झाल्यावर, निकालाच्या आधीचे जे मोकळे दिवस असतात, ते ह्यासाठी सगळ्यात चांगले.

तिसरी गोष्ट आईबाप आणि मुलं एकत्र बसवण्याची. तुमच्या सोसायटीत मोकळं बोलणं होतं का हे तुम्हालाच माहीत. आमच्याकडे एकत्र बसवल्यावर पहिली वीस मिनिटं मुलं गप्प होती आणि बाप लोक रोमेओची बाजू घेत होते. मग मी एक बदल केला, आधी फक्त मुलांनी बोलायचं, मोठ्यांनी मध्ये पडायचं नाही, त्यानंतर मोठ्यांनी. आणि प्रश्न 'तुम्ही काय केलं असतं' असा ठेवला नाही, त्यावर सगळे चांगलंच उत्तर देतात. प्रश्न ठेवला की एलिझाला हे कळलं नसतं तर चाललं असतं का. ह्यावर एका मुलीने आईकडे न बघता सांगितलं की कळतंच, घरात कुणाचा फोन आला आणि बाबा गॅलरीत गेले की कळतं. तिची आई शेजारीच होती. त्या दिवशी चर्चा मी तिथेच थांबवली, पुढे ओढली नाही, चहा मागवला.

तांत्रिक म्हणाल तर सिनेमा दोन तास आठ मिनिटांचा आहे, मध्यंतर देऊ नका, लय तुटते, त्यापेक्षा लवकर सुरू करा. सबटायटल इंग्रजी असणार आणि बोलणं भरपूर, ज्येष्ठ मंडळी असतील तर अक्षर मोठं करून घ्या आणि पुढच्या रांगेत बसवा. सुरू करायच्या आधी पाचच मिनिटं बोला, पी सी आरचा विनोद आणि १९९१ ला परत आलेली पिढी, एवढं दोन गोष्टींत सांगा, बाकी काही नको. संपल्यावर लगेच दिवे लावू नका. आणि झाल्यावर मुलं त्या जास्तीच्या वेळेबद्दल काय म्हणाली ते मला इथेच कळवा, मला खरंच ऐकायचंय.